किनारा झाडून झाला, आता नाल्याच्या तोंडाशी या

मुंबईच्या किनाऱ्यांवर स्वच्छता मोहिमा काढणाऱ्या संस्था, कॉलेजांचे एनएसएस गट, सोसायट्यांमधले स्वयंसेवक आणि या सगळ्यांच्या टी-शर्टांवर आपलं बोधचिन्ह छापणाऱ्या कंपन्या, सर्वांना सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, म्हणजे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन, जवळ आला की तुमची लगबग सुरू होते. हातमोजे, गोण्या, बॅनर, पाण्याच्या बाटल्यांचे खोके (हो, प्लास्टिकच्याच), आणि शेवटी भरलेल्या गोण्यांच्या ढिगापुढे काढलेला फोटो. तुमची टिंगल करायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. वेसाव्याच्या (म्हणजे वर्सोव्याच्या) किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोझ शाह आणि त्यांच्यासोबतच्या माणसांनी काय उपसलं, ते आम्ही कोळीवाड्यातल्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली. मादीला अंडी घालायला मोकळी वाळू लागते. ती माणसांनी हातांनी मोकळी केली होती. हे श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही.

तरीही काही बोलायचं आहे. मी डोलीच्या जाळ्यावर, म्हणजे मासेमारीवर पोसलेल्या घरातली आणि पोटापाण्यासाठी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. घरी ऐकते ते आणि वर्गात शिकवते ते, दोन्हीकडून एकच गोष्ट दिसते: समुद्राचं सगळ्यात मोठं दुखणं गोणीत भरता येत नाही. ते पाण्यात विरघळलेलं असतं. तुम्ही ज्या वाळूवर उभे राहून फोटो काढता, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर ते चोवीस तास ओतलं जात असतं. तिकडे तुमचं लक्ष जात नाही, आणि ज्यांचं जायला हवं त्यांना तुमचे फोटो बरे पडतात. किनारा चकाचक झाला, बातमी छापून आली, विषय संपला.

मी सांडपाण्याबद्दल बोलतेय. मुंबई महापालिकेने वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप इथे नवी मलजल शुद्धीकरण केंद्रं बांधायला घेतली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचं भूमिपूजन झालं. सातही केंद्रांची मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर, म्हणजे सुमारे २४६ कोटी लिटर. एवढी क्षमता लागते, यातच या शहरातून रोज काय वाहतं याचा अंदाज येतो. यातली काही ठिकाणं आजवर काय करत होती? वरळी आणि वांद्र्याला मैला चाळणीतून काढायचा, रेती बाजूला करायची आणि उरलेलं पाणी बोगद्यातून तीन किलोमीटरहून आत समुद्रात सोडायचं. मालाडला तेवढंसुद्धा अंतर नाही. तिथलं पाणी थेट मालाडच्या खाडीत. वर ओशिवरा नदीही याच खाडीला मिळते, आणि ती नदी म्हणायच्या लायकीची राहिली आहे का, ते लिंक रोडच्या पुलावर गाडीची काच खाली करून बघा. पालिकेने जाहीर केलेल्या वेळापत्रकात मालाडच्या केंद्राचा नंबर सगळ्यात शेवटी, २०२८ मध्ये. आमच्या होड्या याच खाडीत नांगरलेल्या असतात.

आता जरा गणित करू. मुंबईच्या समुद्रासारख्या कोमट, खाऱ्या पाण्यात लिटरमागे फार तर सहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळून राहतो. घरगुती सांडपाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लिटरमागे साधारण दोनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे न शुद्ध केलेलं एक लिटर सांडपाणी तीसेक लिटर चांगल्या समुद्राचा श्वास गिळून टाकतं. खुल्या समुद्रात लाटा आणि ओढ यांच्यामुळे ही उधारी फिटते. अरुंद खाडीत फिटत नाही, कारण भरती आली की तेच पाणी पुन्हा आत येतं. आंघोळ आणि मासेमारीच्या समुद्रपाण्यासाठी आपल्याकडे नियम आहे: लिटरला किमान चार मिलिग्रॅम ऑक्सिजन, आणि शंभर मिलिलिटरमागे मलजन्य जिवाणू शंभरच्या आत. मालाड खाडीचं पाणी या दोन आकड्यांसमोर धरून बघायची हिंमत फारसं कोणी करत नाही.

ऑक्सिजन गेला की मासे काही पटापट मरून वर तरंगत नाहीत. तसं झालं असतं तर निदान बातमी तरी झाली असती. आधी जिताडा खाडीत शिरायचं सोडतो. मग कालवं खडकांवरून कमी होत जातात, आणि जी उरतात ती खाण्याजोगी राहत नाहीत, कारण कालव दिवसभर पाणी गाळत बसतं आणि पाण्यात जे असेल ते अंगात साठवतं. तिसऱ्या, शिवल्या या शिंपल्यांचंही तेच. बोय टिकते, तिला कसलंही पाणी चालतं. चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात, त्या हवेतूनही श्वास घेऊ शकतात म्हणून. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला खाडी जिवंतच वाटते. जवळा, कोलंबी, मांदेली, बोंबील यांची पिल्लं जिथे वाढायची, तो पाळणा मात्र गेलेला असतो. याची बोंब दोन-तीन वर्षांनी बाजारात उठते, आणि तोवर दोष हवामानाला किंवा पर्सेसीनवाल्यांना (मोठ्या वेढ्याच्या जाळ्याने मासे पकडणाऱ्यांना) देऊन झालेला असतो. त्यांचाही दोष आहे, नाही असं नाही. आमच्या डोलीतही पापलेटची बोटभर पिल्लं येतात. ज्या माशाला सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा ठरवलं, त्याचीच. आमचा तो हिशेब वेगळा आणि तो आम्हालाच चुकता करायचा आहे.

सांडपाण्यात नुसती घाण नसते, नायट्रोजन आणि फॉस्फरसही असतो. शेतकरी ज्याचे पैसे मोजतो तेच खत आपण समुद्राला फुकट घालतो. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री लाटा निळ्या चमकल्या की जुहूपासून कोकणापर्यंत लोक मोबाईल घेऊन धावतात. तुमच्यापैकीही पुष्कळांनी ते व्हिडिओ टाकले असतील. बहुतेक वेळा त्यामागे नॉक्टिलुका हा एकपेशीय जीव असतो. जोआकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की अरबी समुद्रात ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्यात हा जीव चांगलाच फोफावतो. पोटात हिरवं शेवाळ बाळगायचं, वर बाहेरचंही खायचं, असा त्याचा दुहेरी संसार. तो माजला की साधी डायटम शेवाळं मागे पडतात. त्या शेवाळांवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, जगतात आणि प्लवकांवर मासे. नॉक्टिलुका खाणारे कोण? मुख्यतः जेलीफिश आणि त्यांच्यासारखे लिबलिबीत जीव. ते बाजारात विकता येत नाहीत. अरबी समुद्रातला ऑक्सिजन कमी होण्यामागे तापमानवाढ आणि वाऱ्या-प्रवाहांचा खेळही आहे, सगळं खापर मुंबईवर फोडणं बरोबर नाही. पण किनाऱ्यालगतच्या पट्टीत आपली भर किती, हे बघणं आपल्याच हातात आहे.

पूर्वेकडे ठाणे खाडीत तर गंमतच आहे. नव्वदच्या दशकापासून तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हजारोंनी उतरू लागले. २०१५ मध्ये खाडीचा एक भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. हे पक्षी इतके का जमतात? लहान रोहित खातो नीलहरित शेवाळ, आणि ते शेवाळ पोसलं जातं आपल्या सांडपाण्यावर. गुलाबी थव्यांचा फोटो बघून खाडी सुधारली असं कोणी म्हणालं की खाडीकाठच्या कोळ्यांना हसावं की रडावं तेच कळत नाही.

आता तुमच्या प्लास्टिककडे येते. डोलीचं जाळं शंकूसारखं असतं. ते पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून बांधतात आणि ओढ जे आणेल ते मागच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या बंद शेपटीत, जमा होतं. ते मासे निवडून पकडत नाही. खोला होडीत मोकळा केला की माझी वहिनी आणि शेजारच्या बाया निवडायला बसतात. बोंबील एका टोपलीत, मांदेली दुसरीत, जवळा तिसरीत. उरतं त्यात वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, थर्माकोलचा चुरा, सॅनिटरी पॅड, एकेकटी चप्पल. बोंबील नाजूक मासा. पाऊचच्या धारेने त्याचं पोट फाटलं की तो वलांडीवर (मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवावर) सुकत घालायच्याही कामाचा राहत नाही. वहिनी म्हणते, "म्हावरा कमी न् कचराच जास्ती." पूर्वी निवडायला लागायचा त्याहून कितीतरी वेळ आता जातो, आणि त्या वेळेचे पैसे तिला कोणी देत नाही.

या ढिगात पाण्याची बाटली क्वचितच सापडते. का, तर बाटली भंगारवाला घेतो. तिला भाव आहे, म्हणून ती समुद्रापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी उचलते. समुद्रात येतं ते भंगारवाला ज्याला हात लावत नाही ते: दोन-तीन थरांची चकचकीत पाकिटं, ज्यांचा पुनर्वापर जवळजवळ होतच नाही. ती बनवतं कोण, हे त्यांच्यावर छापलेलं असतं. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तू बंद केल्या. स्ट्रॉ गेले, कानकोरण्याच्या प्लास्टिकच्या काड्या गेल्या. शाम्पूचा पाऊच आहे तिथेच आहे. त्याच्यासाठी उत्पादकांची विस्तारित जबाबदारी नावाची तरतूद आहे: जेवढं बाजारात आणाल तेवढं परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावा. ही जबाबदारी कागदावर किती पार पडते आणि वाळूवर किती, हे तुमच्याइतकं चांगलं कोणीच मोजू शकत नाही. तुमच्याकडे दर महिन्याला शेकडो हात असतात. गोण्या भरताना नुसतं वजन लिहू नका, पाकिटावरचं नाव लिहा. कोणत्या कंपनीची किती, किनाऱ्याचं नाव, तारीख. मग ती यादी घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. तुमच्या प्रायोजकाचं नाव त्या यादीत वरच्या क्रमांकावर निघालं तर अवघड वाटेल, हे मला कळतं. प्रायोजक बदला.

आणि भरलेल्या गोण्या जातात कुठे, हे तुम्ही कधी विचारलंत का? मुंबईचा बहुतांश कचरा आज कांजूरमार्गला जातो, त्याआधीचा देवनारला. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. दोन्ही जागा ठाणे खाडीच्या काठावर, तिवरांना (खारफुटीला) खेटून. म्हणजे पश्चिमेच्या समुद्रातून काढलेली पाकिटं पूर्वेच्या खाडीपाशी नेऊन टाकायची, तिथून पावसात जेवढी वाहतील तेवढी पुन्हा पाण्यात. निदान गोण्या ओल्या-सुक्या वेगळ्या करून द्या आणि सुका कचरा कोण घेणार हे मोहिमेच्या आधी ठरवा.

तिवरांवरून आठवलं. तिवरांमधली सफाई हा अलीकडचा उत्साह आहे आणि त्याची मला काळजी वाटते. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी टोकं म्हणजे तिवरांची श्वसनमुळं. प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्यावर बसल्या की झाड गुदमरतं, म्हणून पिशव्या काढायलाच हव्यात. पण पन्नास जण गमबूट घालून आत शिरले तर पिशव्यांपेक्षा बुटांनीच जास्त मुळं मोडतात. दहा जण पुरे, वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवून. वाळूवर सुकलेलं समुद्रशैवाल आणि शंखशिंपले कचरा समजून खरवडू नका. त्यांच्याखाली खेकडे आणि बारीकसारीक जीव राहतात, टिटव्या-तुतारी ते टिपायला येतात. जाळ्याचे तुकडे मात्र दिसले की उचला, अगदी बोटभर असले तरी. ती आमची देणगी आहे आणि कासवांना तीच नडते. जाळ्यात अडकलेलं संरक्षित जनावर जाळं कापून सोडलं तर राज्य सरकार मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. अजून पुष्कळ बंदरांवर ती नीट पोचलेली नाही. तुमचे फलक तिथे लागले तर चालतील.

मी मागतेय ते एवढंच: वर्षातल्या तुमच्या मोहिमांपैकी एक किनाऱ्यावर नको, नाल्याच्या तोंडाशी होऊ द्या. झाडू नको, गोणी नको. उभं राहून बघायचं, वास घ्यायचा, वाहतं पाणी कुठून येतं याचा माग वरपर्यंत काढायचा. केंद्रं कितीही मोठी बांधली तरी त्यांच्यापर्यंत पोचणारंच सांडपाणी ती शुद्ध करणार. ज्या वस्त्यांना मलवाहिनीच दिलेली नाही तिथलं पाणी पावसाळी नाल्यात येतं आणि नाला थेट खाडीत. शिव्या मात्र वस्तीला बसतात. वाहिनी टाकायचं काम वस्तीचं होतं का? आणि तुमच्यातले बरेच जण ज्या टॉवरांमध्ये राहतात, त्यांच्या तळघरात परवानगीच्या वेळी दाखवलेला एसटीपी, म्हणजे इमारतीचं स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र, असतो. तो चालू आहे, की वीजबिल वाचवायला बंद ठेवलाय? सेक्रेटरींना विचारा. नाल्याचा माग काढताना तो आपल्याच गेटपाशी येऊन थांबला तर बिचकू नका.

महापालिकेला तुमचं ऐकू जातं. आमचं जात नाही असं नाही, पण कोळी बोलले की तो भरपाईचा विषय होतो. तुम्ही वॉर्ड ऑफिसात गेलात तर तो शहराचा विषय होईल. तिथे दोन गोष्टी मागा: नव्या केंद्रांची प्रगती दर महिन्याला जाहीर व्हावी, आणि पाणी जिथे समुद्रात सोडतात तिथले ऑक्सिजनचे आणि जिवाणूंचे आकडे किनाऱ्यावरच्या फलकावर लागावेत. पोहायला जाणाऱ्यांनाही ते हवे आहेत, त्यांनी अजून मागितले नाहीत एवढंच.

कॉलेजच्या मुलांना आणखी एक सांगते. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात असते. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कलाइन आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी साका धरतो. जितका जास्त, तितका गडद. माझ्या वर्गातली मुलं खाडीला मिळणाऱ्या एका नाल्यावर हे करत होती. साका पांढराच राहिला. एका मुलीने रसायन जुनं झालंय म्हणून नवी बाटली उघडली, पुन्हा करून बघितलं. पुन्हा पांढरा. मग सगळी जण थोडं पुढे, होड्यांच्या बाजूला गेली, तिथे फिकट पिवळसर आला. कोणत्याही भाषणाने झालं नसतं ते काम त्या दोन बाटल्यांनी केलं.

तुमच्या मोहिमा रविवार बघून ठरतात, आमच्या घरात तिथी बघून ठरतं. नाल्याला यायचं तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत या, सकाळी सहा-सातला. तेव्हा ओहोटी पूर्ण लागलेली असते आणि नाल्याचं तोंड उघडं असतं. नऊनंतर भरतीचं पाणी चढायला लागतं आणि मग काहीच दिसत नाही. चप्पल घालू नका, चिखलात राहील. रसायनं मी कॉलेजातून आणते. काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटल्या तुम्ही आणा.

आपली,
वेसावे कोळीवाड्यातली एक शिक्षिका